हळू निघालेली पहिली डिस्क

आमच्या नगरच्या सावेडीतल्या फ्लॅटच्या गॅलरीत कबुतरांचा फार त्रास. त्यावर उपाय म्हणून बायकोनं फार वर्षांपूर्वी निकामी डीव्हीडी सुतळीत ओवून ग्रीलला टांगल्या होत्या. त्या उन्हात चमकतात, वाऱ्यानं फिरतात, एकमेकींवर आपटतात आणि कबुतरं बिचकतात, असा समज. कबुतरं आठ दिवस बिचकली. नंतर त्या माळेखालीच त्यांनी अंडी घातली. गेल्या महिन्यात ग्रीलला रंग द्यायचा म्हणून ती माळ मी उतरवली. बायको म्हणाली, "टाकून द्या आता." मी टाकली नाही. धुतली, पुसली आणि कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिली. त्या माळेत सगळ्यात खाली कुठली डिस्क आहे हे तिला माहीत आहे.

आमचं घर ख्रिस्ती, तीन-चार पिढ्यांपासूनचं. वडील जामखेड तालुक्यात खर्ड्याच्या बाजूला एका गावात प्राथमिक शिक्षक होते, आणि रिटायर झाल्यावर तिथंच दोन खोल्या बांधून राहिले. रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायची आणि भजनं गायची हे त्यांचं दुसरं काम, बिनपगारी. शेवटच्या नाताळातही ते गायले. त्या नाताळाला मी गेलो नव्हतो. कारखान्यात शटडाऊन आहे, मेंटेनन्सवाल्यांना सुट्टी नाही, असं मी घरी कळवलं होतं. खरं म्हणजे मागितली असती तर एक दिवस मिळाली असती. पण माझ्यावाचून शटडाऊन पार पडेल हे मला तेव्हा मान्य नव्हतं. नाताळानंतर दोन महिन्यांनी बाबा झोपेतच गेले.

त्या नाताळाचं शूटिंग माझ्या मामेभावानं त्याच्या हँडीकॅमवर केलं होतं. भिंतीवरचे फोटो घरात पुष्कळ होते, पण हलणारे, गाणारे बाबा जगात तेवढ्या एका छोट्या कॅसेटवर होते.

आईला काचबिंदू. एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्याबद्दल नगरचे डॉक्टर म्हणाले होते, "औषध टाकत राहा, पण भरवसा देता येणार नाही." दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आईनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "मग दिसतंय तवर तुज्या बाबास्नी एकदा बगून घेते. त्या क्यासेटीची डिस्क करून दे मला." गावी टीव्ही होता, डिस्कचा प्लेअरही होता. बाबांनीच रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेला.

एक कॅसेट, एक डिस्क, एक म्हातारी. एवढंच काम होतं. मी त्याचा कारखाना केला.

वर्षाच्या स्मरणाच्या उपासनेला आमच्याकडे लोक येतात, जेवतात आणि जाताना त्यांच्या हातात काहीतरी द्यायची रीत आहे. बहुतेक जण स्टीलचा डबा देतात, गेलेल्या माणसाचं नाव कोरून. मी म्हटलं, डबे काय सगळेच देतात, आपण बाबांचा आवाज देऊ. चाळीस डिस्क काढू, प्रत्येकीला बाबांच्या फोटोचं कव्हर, आणि चर्चच्या पाळकसाहेबांच्या हस्ते रीतसर प्रकाशन. रंगीत कागदात बांधलेली पहिली प्रत पाळकसाहेब सोडवणार, वर धरणार, टाळ्या होणार, मग ती आईच्या हातात. आपल्याकडे प्रकाशन म्हटलं की भल्याभल्यांना चढते, मलाही चढली. नाताळाला गेलो नाही त्याची भरपाई मी प्रकाशनानं करायला निघालो होतो, हे आता कळतं. तेव्हा वाटत होतं की मी फार चांगला मुलगा आहे.

कॉम्प्युटर घरात होताच. नवा डीव्हीडी रायटर मी स्वतः बसवला. कॅबिनेट उघडून आत बघतो तर वायरींचा नुसता गुंता. मला ते बघवेना. रायटरला जाणारी चपटी राखाडी केबल मी नीट घड्या घालून, प्लॅस्टिकची पट्टी आवळून बांधून टाकली. आतून कॅबिनेट असं दिसायला लागलं की साहेबाला बोलावून दाखवावं. मग कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली आणि एका रविवारी उपासनेहून आल्यावर पहिली डिस्क राईटला लावली.

एक तास आठ मिनिटं लागली.

डिस्क हॉलमधल्या टीव्हीवर लावून बघितली. बाबा दिसले, आवाज आला. बायको दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. "झाली की," ती म्हणाली. "अहो, ही आईंना नेऊन द्या ना उद्याच." मी म्हटलं, "अगं, एक तास आठ मिनिटं! डब्यावर सोळा एक्स लिहिलंय. सहा-सात मिनिटांत निघायला पाहिजे." ती म्हणाली, "पण निघाली ना?" आता तिला कसं सांगायचं. मी मेंटेनन्सचा माणूस. मशीनच्या पाटीवर जो वेग लिहिलाय त्या वेगानं ते चाललंच पाहिजे. 'चालतंय ना, मग चालू द्या' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सटकायचं. शिवाय कारखान्याचा नियम असा की ट्रायल पीस गेटबाहेर जात नाही. मी त्या डिस्कवर मार्करनं 'ट्रायल १' लिहिलं आणि ड्रॉवरमध्ये टाकून दिली.

माझी चिडचिड अगदीच बिनबुडाची होती असं नाही. त्या काळात सावेडीत दिवसातून दोनदा लाईट जायची. एकेका डिस्कला तास लागला तर मध्येच लाईट गेलीच म्हणून समजा. यूपीएस दहा मिनिटं केकाटायचा आणि मान टाकायचा. अर्धवट राईट झालेली डिस्क पुन्हा कामाची नाही. दोन आठवड्यांत मी नऊ डिस्क अशा घालवल्या. तेव्हा चाळीस काढायच्या तर वेग हवाच होता. पण चाळीस कुणाला हव्या होत्या? मला.

पहिला संशय डिस्कवर. बाजारातला सुटा गठ्ठा सोडून चांगल्या कंपनीच्या आणल्या. वेग तोच. मग अँटीव्हायरस बंद, स्क्रीनसेव्हर बंद, इंटरनेटची वायर काढून ठेवली, मुलीला कॉम्प्युटरला हात लावायची बंदी. एका वहीत तारीख, वेळ, वेग अशा नोंदी करायला लागलो. राईट करताना पडद्यावर एक पट्टी दिसते. कॉम्प्युटर पुढचा माल त्यात भरून ठेवतो आणि रायटर तिथून उचलतो. ती पट्टी माझ्याकडे सारखी रिकामी पडायची, म्हणजे रायटर माल मागतोय आणि मागून पुरवठाच नाही. मी त्या पट्टीकडे तास तास बघत बसायचो. शेजारच्या छोट्या चौकोनात बाबा गात असायचे. मी आवाज बंद ठेवला होता. म्हटलं, तेवढाच लोड कमी.

आईचा दर बुधवारी फोन यायचा.

"झाली का रं डिस्क?"

"होतेय आई. वेगाचा प्रॉब्लेम आहे."

"सूनबाई म्हनली, पयली कवाच झाली म्हनून."

"ती हळू निघालीय."

"हळू निगाली म्हंजी? त्यात तुजे बाबा हळू गात्यात का?"

"तसं नाही गं."

"मग दे की ती. मला काय घाई न्हाई त्यांची, हळू गायले तरी चालत्यात."

मी खूप हसलो. कारखान्यात चहाच्या वेळी चार जणांना ऐकवलं, तेही हसले. आणि तिला म्हणालो, "आई, उपासनेलाच देतो, पाळकसाहेबांच्या हातून. एकदम चांगली." ती म्हणाली, "बरं. तुजं चालू दे." तिनं मला आयुष्यात कशासाठी फारसं अडवलं नाही. तेव्हा अडवायला हवं होतं.

मग कॉम्प्युटरच्या दुकानातला एक ओळखीचा म्हणाला, तुमची फाईल फार मोठी आहे आणि हार्ड डिस्क गच्च भरलीय, म्हणून मशीन रडतंय. त्याचं मला पटलं. मी कार्यक्रम कापायला बसलो. आवाज बंदच होता. पडद्याच्या तळाला चित्रांची ओळ दिसायची, बाबा पेटीवर बसलेत, तोंड हलतंय, म्हणजे गाणं, ते ठेवायचं. बाबा खिसे चाचपतायत, कुणी पाणी आणून देतंय, बायका उठतायत-बसतायत, कुणी माईक ठोकून बघतंय, ते काढायचं. सगळी फापटपसाऱ्याची अठरा मिनिटं निघाली. सात गाणी एकाला एक जोडून मी घट्ट बसवली. इतकी सफाई आली की मी स्वतःवरच खूश झालो. मग जागा व्हावी म्हणून मूळची आख्खी फाईल पुसून टाकली. कॅसेट मामेभावाला परत दिलीय, त्याच्याकडे आहेच की, असा हिशेब.

वेगात काडीचा फरक पडला नाही.

रायटर बदलला. विंडोज नव्यानं टाकलं. नव्या विंडोजवर दोन डिस्क सात-सात मिनिटांत निघाल्या, मी घरात सगळ्यांना पेढे दिले, आणि तिसरी पुन्हा तासाभराची. माझं जेवणावरचं लक्ष उडालं. बायको म्हणाली, "बाबांची आठवण काढायला बसलात की भांडण काढायला?" मी तिच्यावर ओरडलो. त्याबद्दल नंतर माफी मागितली, पण ती विचारत होती ते बरोबरच होतं.

शेवटी उपासनेला अकरा दिवस राहिले असताना दोष सापडला. मी आवळून बांधलेली ती केबलच. घडीच्या जागी आतली तार अर्धवट तुटली होती. तिच्यातून जाणाऱ्या मालात चुका व्हायच्या, आणि चुका वाढल्या की विंडोज आपणहून वेग खाली उतरवतो, आणि आपण सांगेपर्यंत वर चढवत नाही. म्हणजे इतके दिवस मी ज्याच्या मागावर होतो तो चोर मीच पट्टी आवळून आत बसवला होता. नवी केबल मोकळी सोडून लावली, सेटिंग बदललं, आणि एका दुपारी लाईट जायच्या आत बहुतेक सगळ्या डिस्क निघाल्या. उरलेल्या दुसऱ्या दिवशी. मी लगेच गावी फोन लावला. "आई, सहा मिनिटांत एक!"

"बरं झालं बाबा," ती म्हणाली. "मला कवा देतूस?"

"आता किती, दहाच दिवस."

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी शेजारच्या वहिनींचा फोन आला. आई चुलीपाशी बसून राहिली होती, उठेना. विचारलं तर म्हणाली, "उजाडलंच न्हाई आज." गाडी करून तिला नगरला आणलं. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं, मग मला बाहेर बोलावून माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला बाहेर बोलावलं एवढ्यावरूनच आत बाकावर बसलेल्या आईनं ओळखलं. ती रडली नाही. मला म्हणाली, "चल, आता हितं बसून काय व्हायचंय." घरी आल्यावर माझ्या टेबलावर चाळीस डिस्क कव्हर घालून, एका रेषेत उभ्या होत्या. तिला त्या दिसत नाहीत याचं मला त्या क्षणी बरं वाटलं. असं वाटलं म्हणून आजही लाज वाटते.

उपासना गावी झाली. प्रकाशनही झालं, कारण मी ते रद्द करायला हवं होतं हे मला सुचलंसुद्धा नाही. पाळकसाहेबांनी रंगीत कागद सोडवला, डिस्क वर धरली, टाळ्या झाल्या, आणि त्यांनी ती आईच्या हातात ठेवली. आईनं ती बोटांनी चाचपली, कव्हरातून काढून मधल्या भोकात बोट घालून बघितलं आणि मला विचारलं, "बाबांचा फोटू कुठल्या अंगाला हाय?" मी तिचं बोट धरून कव्हरावर ठेवलं. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. किती हृद्य, असं कुणीतरी म्हणाल्याचंही आठवतं.

जेवणं उरकून माणसं पांगल्यावर दुपारी घरात आम्ही दोघंच उरलो. आई म्हणाली, "लाव." मी डिस्क लावली आणि तिच्याजवळ चटईवर बसलो. पहिलं गाणं सुरू झालं. ती मान खाली घालून ऐकत होती, मधूनच, "कोट घातलाय ना?" "पेटी कुनाची हाय, आपली का चर्चची?" असं विचारायची आणि मी सांगायचो. सांगता सांगता माझ्या ध्यानात आलं की इतके आठवडे हे चित्र माझ्यासमोर होतं आणि मी ते एकदाही बघितलं नव्हतं. बाबांच्या मानेची शीर गाताना फुगायची. डावा खांदा जरा वर जायचा. हे मी लहानपणी बघितलेलं होतं आणि विसरलो होतो.

दुसरं गाणं संपलं तशी आई सरसावून बसली. "आता ह्ये तिसरं झालं की येतंय बग."

"काय येतंय?"

"हाक!" तिच्या तोंडावर एकदम हसू आलं. "चौथ्या गान्याच्या टायमाला त्यास्नी पुस्तकातलं दिसंना. खिसे चाचपले. चष्मा हुता माज्या पिशवीत. मग काय, भर चर्चमदी पेटीवरनं हाक मारली मला. 'ओ मास्तरीणबाई, चष्मा!' सगळी हसली. पन्नास वर्सं झाली लग्नाला, चारचौघांत कदी हाक म्हनून मारली न्हवती त्यांनी मला. मी आपली आले आले म्हनत सगळ्यांतनं गेले आन् दिला चष्मा. तेवढंच मला ऐकायचं हाय. बाकी गानी काय, घरातबी ऐकलीत."

तिसरं गाणं संपलं. त्याला जोडून चौथं सुरू झालं.

"आं?" आई म्हणाली. "गेलं का फुडं?"

बाबा खिसे चाचपतायत, ती चित्रं मला स्वच्छ आठवली. तिथंच मी काप घेतला होता. खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, "कॅमेऱ्यात आलं नसेल, आई. त्यानं मध्ये बंद केला असेल." म्हणजे दोष मामेभावावर ढकलला. आई म्हणाली, "आसंल. पोरगंच ते. हात दुकला आसंल त्याचा."

चौथं, पाचवं, सहावं, सातवं अशी सगळी गाणी ती तशीच बसून ऐकत राहिली, कदाचित हाक पुढं कुठंतरी असेल म्हणून. डिस्क संपल्यावर मी उठून मामेभावाला फोन केला. त्या कॅसेटवर त्यानं मुलीच्या वाढदिवसाचं शूटिंग केलं होतं. "तू घेतलंयस ना उतरवून?" तो म्हणाला. हो, म्हटलं, घेतलंय.

मग 'ट्रायल १' आठवली. एक तास आठ मिनिटं लागलेली, पण न कापलेली, आख्खी. नगरला पोचलो तो चपला न काढता ड्रॉवर उघडला. रिकामा. मीच एका रविवारी वैतागून सगळ्या फुकट गेलेल्या डिस्क बायकोपुढं टाकल्या होत्या, हा कचरा ने म्हणून. ती डिस्क गॅलरीत माळेच्या तळाशी सापडली. दोन महिने उन्हात होती, वाऱ्यानं ग्रीलवर घासत होती. मार्करची अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती. ड्राईव्हमध्ये घातली. ती फिरली, थांबली, कुरकुरली, पुन्हा फिरली आणि ट्रे बाहेर आला. वीसेक वेळा मी तो ट्रे आत ढकलला. पुढं पुण्यालाही एकाकडे नेऊन दाखवली. काही निघालं नाही. बायकोला मी तेव्हाच सगळं सांगितलं. आईला कधीच सांगितलं नाही.

आईला मग आम्ही सावेडीला आणलं. अकरा वर्षं ती आमच्याकडे होती. रविवारी दुपारी जेवण झालं की ती म्हणायची, "लाव रं," आणि मी डिस्क लावायचो. डिस्क एकदम चांगली होती. कधी अडकली नाही, कधी थांबली नाही. तिसरं गाणं संपत आलं की आई नेहमी हातातलं काम बाजूला ठेवायची, पिशवी चाचपल्यासारखा मांडीवरून हात फिरवायची आणि हळूच म्हणायची, "आले, आले." तोवर चौथं गाणं सुरू झालेलं असायचं. मी तिथं अर्ध्या सेकंदाचीही जागा ठेवली नव्हती.